घड्याळाच्या पोटातलं खरंखोटं

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गणित-शिक्षक आहेत. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते आणि त्यांची अकरावीतली नात आमच्याकडे आले. सरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक मनगटी घड्याळ काढलं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्यांनी आखातातून येताना ते आणून दिलं होतं. तबकडीवर एका प्रख्यात स्विस कंपनीचं नाव होतं. सरांनी ते फक्त सणासुदीला वापरलं, एरवी कपाटात जपून ठेवलं. आता नातीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता, आणि अशा घड्याळाचे काही लाख रुपये येतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

“खरं आहे ना हो हे?” सरांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. “सेकंदकाटा बघा, टकटक उड्या मारत नाही, अलगद सरकतो. म्हणजे खरंच असणार.”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे पैसे होते आणि सरांचा शब्दही होता. उद्या घड्याळ खोटं निघालं तर घेणारा म्हणणार, ‘मास्तरांनी फसवलं.’ शिवाय बनावट नावाची वस्तू खरी म्हणून विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा नीट तपासून पाहायचं ठरलं. ही तपासणी करता करता घड्याळाबद्दल तर बरंच कळलंच, पण ‘पुरावा’ म्हणजे काय याबद्दल त्याहून जास्त कळलं. म्हणून ती इथे मांडत आहोत.

पोटात काय असतं?

घड्याळाच्या आतल्या यंत्रणेला दुरुस्ती करणारे लोक सरळ ‘मशीन’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. चावीच्या किंवा स्वयंचलित घड्याळाच्या मशीनमध्ये मुख्य गोष्टी चार. पहिली, डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे मुख्य स्प्रिंग. चावी दिली की ती आवळली जाते आणि तिच्यात ऊर्जा साठते. दुसरी, ही ऊर्जा पुढे नेणारी दंतचक्रांची साखळी. काटे याच साखळीला जोडलेले असतात. तिसरी, बॅलन्स व्हील, म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे असं फिरणारं छोटं चाक. त्याला केसासारख्या बारीक तारेची गोल वेटोळी जोडलेली असते. ती हेअरस्प्रिंग. आणि चौथी, या दोहोंमधली अडवणूक. मुख्य स्प्रिंगला मोकळं सोडलं तर ती काही क्षणांत उलगडून जाईल. म्हणून एक काटेरी चाक आणि त्यात अडकणारा दोन टोकांचा छोटा तरफ अशी रचना असते. बॅलन्स व्हील प्रत्येक हेलकाव्याला हा तरफ हलवतं, काटेरी चाकाचा एक दात सुटतो, पुढचा अडकतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. जाता जाता तो तरफ बॅलन्स व्हीलला हलकासा धक्काही देतो, म्हणून त्याचा हेलकावा थांबत नाही.

झोपाळ्यावरच्या मुलाला आपण दर झोक्याला थोडा धक्का देतो, तसंच हे. फरक एवढाच, की झोपाळा गुरुत्वाकर्षणामुळे परत येतो आणि बॅलन्स व्हील हेअरस्प्रिंगच्या ताणामुळे. म्हणूनच मनगट कसंही वळवलं तरी घड्याळ चालतं. लंबकाच्या घड्याळाला हे जमत नाही.

मशीनमध्ये ‘ज्युएल’ असतात हे आपण ऐकलेलं असतं. ही छोटी माणकं चाकांच्या आसांखाली बसवलेली असतात, कारण माणिक अतिशय कठीण असतं आणि त्यावर घर्षण व झीज कमी होते. पण त्यांच्यामुळे घड्याळ महाग होतं हा मात्र गैरसमज. व्हर्नुईलची कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ साली जाहीर झाली, आणि आज घड्याळात असतात ती कृत्रिम माणकंच. तेव्हा ‘आत माणकं आहेत’ हा खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

सरकणारा काटा काय सांगतो?

आता सरांच्या युक्तिवादाकडे वळू. साध्या सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटते, पण मुलांना ती २ ने भागत जायला सांगा. १६,३८४, ८,१९२, ४,०९६... असं करत पंधराव्या भागाकाराला बरोबर १ उरतो. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. घड्याळातलं सर्किट हेच करतं, आणि शेवटी सेकंदाला एक ठोका मिळतो. म्हणून सेकंदकाटा सेकंदाला एक उडी मारतो.

चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हीलच्या प्रत्येक हेलकाव्याला काटा एक पाऊल पुढे जातो. आजच्या बऱ्याच चांगल्या मशीनमध्ये तासाला २८,८०० ठोके पडतात. त्याला ३,६०० ने भागलं तर सेकंदाला ८. इतकी छोटी पावलं डोळ्याला वेगळी दिसत नाहीत, म्हणून काटा सरकल्यासारखा वाटतो.

म्हणजे काटा सरकतो यावरून एवढंच कळतं, की हे नेहमीचं, सेकंदाला एक उडी मारणारं क्वार्ट्झ घड्याळ नाही. तेसुद्धा पूर्ण खात्रीने नाही, कारण सरकत्या काट्याची क्वार्ट्झ घड्याळंही असतात. घरातली काही भिंतीवरची घड्याळं पाहा. उलट, मुद्दाम सेकंदाला एकच उडी मारेल अशी रचना केलेली उंची यांत्रिक घड्याळंही आहेत. आणि मुख्य गोष्ट अशी, की नकली घड्याळ बनवणाऱ्यालाही ही कसोटी माहीत असते. तो स्वस्तातलं स्वयंचलित मशीन आत घालतो, आणि काटा सरकू लागतो.

ठोके मोजा

काटा सरकतो की नाही, याऐवजी तो किती पावलांनी सरकतो हे विचारलं तर? ‘आहे की नाही’ या प्रश्नाच्या जागी ‘किती’ हा प्रश्न आला, की कसोटी एकदम धारदार होते. सरांच्या नातीने हे काम हाती घेतलं. तिने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सेकंदकाट्याचं चित्रण केलं आणि काटा तासाच्या एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत, म्हणजे पाच सेकंदांत, किती पावलं टाकतो ते मोजलं. ही पद्धत फार सोयीची आहे. चित्रण किती पट संथ आहे हे माहीत असण्याचीही गरज नाही, कारण वेळ मोजायचं काम तबकडीच करते.

हिशेब असा:
तासाला १८,००० ठोके : पाच सेकंदांत २५ पावलं
तासाला २१,६०० ठोके : ३० पावलं
तासाला २८,८०० ठोके : ४० पावलं
तासाला ३६,००० ठोके : ५० पावलं

हे चारही प्रकार खऱ्या, नामांकित घड्याळांत सापडतात. ओमेगाच्या १९५७ सालच्या पहिल्या स्पीडमास्टरमधलं मशीन तासाला १८,००० ठोक्यांचं होतं. झेनिथचं १९६९ मधलं ‘एल प्रिमेरो’ ३६,००० ठोक्यांचं, म्हणून त्याच्या स्टॉपवॉचवर सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. तेव्हा अमुक एक आकडा खरा आणि बाकीचे खोटे असं काही नाही. प्रश्न इतकाच, की तबकडीवर ज्या घड्याळाचं नाव आहे, त्याच्या मशीनचा आकडा कोणता असायला हवा? उत्पादक तो जाहीर करतात. सरांच्या घड्याळासाठी तो २८,८०० होता, म्हणजे चाळीस पावलं.

नातीने तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तीस.

सर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मशीन जुनं झालंय, हळू चालत असेल.” शंका रास्त होती, पण तिलाही गणितानेच उत्तर मिळतं. ४० ऐवजी ३० पावलं पडणारं मशीन घड्याळाच्या बाकी चाकांच्या हिशेबाने तासाला पंधरा मिनिटं मागे पडलं असतं. सरांचं घड्याळ दिवसाला फार तर अर्धं मिनिट मागे पडत होतं. म्हणजे त्याची चाकंच तीस पावलांच्या हिशेबाने कापलेली होती. ते थकलेलं मशीन नव्हतं, दुसरंच मशीन होतं.

झाकण उघडल्यावर

तरीही खात्री करायला आम्ही गावातल्या एका अनुभवी घड्याळजींकडे गेलो. इथे एक सूचना. घड्याळाचं मागचं झाकण घरी उघडू नये. धुळीचा एक कण चाकात अडकायला पुरतो, आणि पाणी अडवणारं रबरी कडं एकदा नीट बसलं नाही तर पहिल्या पावसात घड्याळ जातं.

झाकण निघालं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि काही क्षणांतच मान हलवली. त्यांनी काय पाहिलं असेल? ते समजण्यासाठी एका खऱ्या मशीनचं उदाहरण घेऊ. रोलेक्स कंपनीने १९८८ साली ३१३५ क्रमांकाचं मशीन आणलं. ते पुढे कित्येक वर्षं तिच्या अनेक घड्याळांत होतं. व्यास २८.५ मिलिमीटर, माणकं ३१, ठोके २८,८००. त्यातलं बॅलन्स व्हील दोन्ही बाजूंनी टेकलेल्या पुलासारख्या पट्टीखाली असतं. पुष्कळ मशीनमध्ये हीच पट्टी एका बाजूनेच धरलेली असते, गॅलरीच्या सज्जासारखी. पूल की सज्जा, हे साध्या भिंगानेही दिसतं.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे आणि तो पदार्थविज्ञानाच्या वर्गात नेण्याजोगा आहे. बॅलन्स व्हीलच्या एका पूर्ण आंदोलनाला लागणारा काळ दोनच गोष्टींवर ठरतो. चाकाचं ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ आणि हेअरस्प्रिंगचा ताठपणा. सूत्र असं: आंदोलनकाल = २π × √(मोमेंट ऑफ इनर्शिया ÷ ताठपणा). म्हणजे घड्याळ पुढे-मागे पडत असेल तर ते सुधारायचे मार्गही दोनच.

पहिला मार्ग, हेअरस्प्रिंगची उपयोगी लांबी बदलणं. स्प्रिंग आखूड केली की ताठ होते आणि घड्याळ पुढे पळू लागतं. यासाठी सज्जावर एक छोटी दांडी असते, तिच्या दोन बाजूंना बहुधा अधिक आणि उणे अशा खुणा असतात. दुसरा मार्ग, स्प्रिंगला हात न लावता चाकाचं वजन आतबाहेर सरकवणं. ३१३५ मध्ये चाकाच्या कडेवर सोन्याचे इवलेसे आटे असतात. ते बाहेर घेतले की चाक मंद होतं, आत घेतले की जलद. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरले की वेग कमी होतो आणि जवळ घेतले की वाढतो, हा प्रयोग आपण अनेकांनी वर्गात केलेला आहे. त्याचं मूळही याच राशीत आहे.

हे काम किती नाजूक असतं पाहा. दिवसात ८६,४०० सेकंद. घड्याळ दिवसाला १० सेकंद मागे पडत असेल तर आंदोलनकालात दहा हजारांत १.१६ भाग एवढी चूक आहे. वर्गमूळामुळे मोमेंट ऑफ इनर्शियात त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा हजारांत सुमारे २.३ भाग इतका बदल करावा लागेल.

सरांच्या घड्याळात काय होतं? सज्जा होता, आणि त्यावर दांडीही होती. तबकडीवर ज्या घड्याळाचं नाव होतं, त्याच्या मशीनमध्ये ही दांडी असायला जागाच नाही. वरून पट्टीवर शोभेच्या रेघा मारलेल्या होत्या, कंपनीचं नावही कोरलेलं होतं. पण दांडीने सगळं सांगून टाकलं.

घड्याळजी काका म्हणाले, “सर, मशीन खोटं नाही, नाव खोटं आहे. हे मशीन साधं आहे, पण प्रामाणिक आहे. तेलपाणी केलं तर अजून दहा वर्षं चालेल.”

नक्कल, बनावट आणि कारागिरी

काकांचं वाक्य विचार करण्याजोगं आहे. दुसऱ्याची रचना वापरणं हे नेहमीच लबाडीचं काम नसतं. ‘एटा’ या स्विस कंपनीचं २८२४ हे मशीन अनेक कंपन्यांच्या घड्याळांत असतं. पेटंटची मुदत संपल्यावर स्वित्झर्लंडच्या सेलिटाने आणि चीनच्या सी-गल कंपनीने त्याच रचनेची मशीनं स्वतःच्या नावाने बनवली. ती उघडपणे विकली जातात, त्यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती खोटं नाव कोरलं जातं तेव्हा.

ही फसवणूक फार जुनी आहे. अठराव्या शतकात नामवंत इंग्रज घड्याळजींची नावं घालून युरोपात घड्याळं बनत असत. पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे या थोर घड्याळजींनाही हा त्रास झाला. त्यांनी १७९५ च्या सुमारास तबकडीवर अतिशय सूक्ष्म सही कोरायला सुरुवात केली. ती सरळ पाहिलं तर दिसत नाही, तिरप्या प्रकाशात दिसते. आजच्या नोटेवरच्या जलचिन्हामागेही हीच कल्पना आहे: पाहणाऱ्याला तपासायला सोपं, पण नक्कल करणाऱ्याला बनवायला अवघड असं काहीतरी ठेवायचं. जिनिव्हानेही १८८६ साली कायदा करून आपल्या घड्याळांसाठी खास शिक्का ठरवला, कारण जिनिव्हाचं नाव लावून भलतीकडचा माल खपवला जात होता.

कारागिरीतही अशा ‘करायला अवघड’ जागा असतात. अत्युच्च दर्जाच्या मशीनमध्ये पट्ट्यांच्या कडा घासून तिरप्या आणि चकचकीत केलेल्या असतात. दोन कडा आतल्या बाजूला जिथे मिळतात तिथे टोकदार कोपरा आहे का, हे जाणकार आधी पाहतात. असं का? कंपासपेटीच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं सरकवून पाहा. नाणं कितीही दाबलं तरी कोपऱ्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. फिरणारं कापयंत्रही नाण्यासारखंच गोल असतं, म्हणून ते आतल्या कोपऱ्यात गोलाई सोडतंच. टोकदार कोपरा हवा तर माणसाने हाताने घासायला हवा. स्वित्झर्लंडच्या व्हाले दे जू खोऱ्यातले फिलिप दुफूर यांच्यासारखे कारागीर अशा कोपऱ्यांसाठीच ओळखले जातात.

निळ्या स्क्रूंची गोष्टही अशीच. काही उंची घड्याळांत पोलादी स्क्रू सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निळे केलेले असतात. हा निळा रंग लावलेला नसतो. पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि निळा रंग उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने. म्हणून असा स्क्रू फिरवला तर कधी काळपट, कधी जांभळा, कधी निळा दिसतो. रंग फासलेला स्क्रू सगळीकडून सारखाच निळा दिसतो. शाळेत हे पाहायचं तर साधी पोलादी सुई चिमट्यात धरून मेणबत्तीच्या नव्हे, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर हळूहळू तापवा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा असे रंग सरकताना दिसतील. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा.

पण इथेही सावध राहायला हवं. रसायनाने निळे केलेले स्क्रू खऱ्या घड्याळांतही असतात, आणि यंत्राने घासलेल्या गोल कोपऱ्यांची खरी, महाग घड्याळं तर पुष्कळच. त्या त्या कंपनीची पद्धत काय, हे माहीत असल्याशिवाय या खुणांना अर्थ नाही.

नक्कल सुधारते तेव्हा

सरांचं घड्याळ वीस वर्षांपूर्वीचं, म्हणून लवकर सापडलं. आज बनावट घड्याळांचे कारखाने ३१३५ ची रचनाच उचलतात. पूल असतो, आटे असतात, ठोकेही सेकंदाला आठ पडतात. मग काय करायचं?

वेळेचा नेमकेपणा तपासता येईल का? स्वित्झर्लंडमध्ये १९७३ पासून ‘कॉस्क’ ही संस्था मशीनना ‘क्रोनोमीटर’ हा दर्जा देते. मशीन पंधरा दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश या तापमानांत तपासतात. नेहमीच्या आकाराच्या मशीनची दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. पण नवी, नीट जुळवलेली नक्कलही टेबलावर ठेवून एवढा नेमकेपणा दाखवू शकते. आणि गंमत म्हणजे काहीशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ या सगळ्यांपेक्षा अचूक असतं. महिन्याला १५ सेकंदांची चूक म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. तेव्हा नेमकेपणा हाही खरेपणाचा पुरावा नाही.

पुढची पायरी पदार्थाची. तापमान बदललं तरी ताठपणा फारसा न बदलणारी हेअरस्प्रिंग बनवणं ही मोठी वैज्ञानिक अडचण होती. ती सोडवणाऱ्या निकेल-पोलादाच्या अभ्यासाबद्दल शार्ल-एद्वार गियोम यांना १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. रोलेक्सने २००० साली निओबियम व झिरकोनियम यांच्या मिश्रधातूची हेअरस्प्रिंग आणली. चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. पुढे ती निळ्या रंगाची झाली, तेव्हा नकली स्प्रिंगाही निळ्या झाल्या. पण निळा रंग दिल्याने लोह-निकेलची स्प्रिंग झिरकोनियमची होत नाही. सराफाकडे किंवा हॉलमार्क केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्रावर दागिना न तोडता सोनं किती आणि तांबं किती हे कळतं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच तत्त्वावर, अगदी बारीक जागेवर रोखता येणाऱ्या उपकरणाने स्प्रिंगमधली मूलद्रव्यंही ओळखता येतात. रूपाची नक्कल स्वस्तात होते, गुणधर्माची नक्कल महाग पडते.

आणि गुणधर्मही खरे असले तर? नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकना विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केलं, की ते घड्याळ बहुतांशी अस्सल, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या भागांतून जुळवलेलं होतं आणि या प्रकारात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. भाग खरे, पण त्यांचा एकत्र इतिहास खोटा. आपल्याकडेही याचं गरीब भावंड आहे. जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, इकडचे-तिकडचे भाग जोडून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांच्या पोटातलं मशीन पुष्कळदा अस्सलच असतं.

मग खरं कसं ओळखायचं?

आता सगळ्या कसोट्या एकत्र पाहू. काटा, ठोके, रचना, कारागिरी, पदार्थ आणि शेवटी कागदपत्रांतली नोंद. यातली प्रत्येक कसोटी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. एखादी कसोटी पार पडली म्हणून घड्याळ खरं ठरत नाही, पण जी असायलाच हवी अशी एक गोष्ट चुकली तर ते खोटं ठरायला तेवढी पुरते. सरांच्या घड्याळाने ‘काटा सरकतो’ ही कसोटी पार केली होती, ‘नाव कोरलेलं आहे’ हीसुद्धा. तीस पावलांनी ते पडलं.

विज्ञानातही असंच घडतं. गृहीतकाला अनुकूल अशी दहा निरीक्षणं सापडणं सोपं असतं. खरा प्रश्न असा विचारावा लागतो: हे गृहीतक चुकीचं असेल तर ते कुठे उघडं पडेल? आणि मग तिथेच जाऊन पाहावं लागतं. सरांच्या मनाला घड्याळ खरं असायला हवं होतं, म्हणून त्यांनी काटा सरकताना पाहिला. नातीने पावलं मोजली.

सर दुकानातून बाहेर पडले तेव्हा थोडे गप्प होते. मग म्हणाले, “बरं झालं, विकायच्या आधी कळलं.” घड्याळ त्यांनी विकलं नाही. काकांकडून तेलपाणी करून घेतलं, मागचं झाकण काढून काचेचं बसवून घेतलं आणि आपल्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकलं. तिथे आता आंदोलनाचा धडा आला, की मुलं भिंगातून बॅलन्स व्हीलचा हेलकावा पाहतात आणि तासाच्या दोन खुणांमधली पावलं मोजतात. उत्तर तीस येतं. मग शिक्षक तबकडीवरचं नाव दाखवतात आणि विचारतात, “किती यायला हवं होतं?”